ओव्हरक्लॉकिंग

संगणकातील प्रक्रियक त्याच्या निर्मात्याने नेमून दिलेल्या कालस्पंद-वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालविण्याच्या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कमी किंमतीच्या प्रक्रियकाकडून महागड्या प्रक्रियकाइतके काम करून घेणे, हा या क्रियेचा सर्वसाधारण हेतू होय. आलेखिकी प्रक्रियक व स्मृती यांच्या बाबतीतही ती करता येते. तथापि प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मेजावरील संगणकाच्या स्वस्त प्रक्रियकांचा विचार केला आहे.

तत्त्व : प्रक्रियकातील लक्षावधी ट्रँझिस्टरांच्या क्रिया एका सामाईक कालस्पंदाच्या ठेक्यावर घडतात. मूळ स्पंद क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या आंदोलनांपासून मिळतो. त्यावरून ‘बस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामाईक वाहक मार्गाची वारंवारता ठरते आणि तिला एका ठराविक गुणकाने गुणले असता प्रक्रियकाची वारंवारता मिळते. लागोपाठच्या दोन स्पंदांमधील काळात संकेताला तर्कद्वारांची मालिका पार करून पुढील रजिस्टरापर्यंत पोहोचावे लागते. ३०० मेगॅहर्ट्‌झ वारंवारतेस हा काळ सु. ३·३३ नॅनोसेकंद, तर ४५० मेगॅहर्ट्‌झ वारंवारतेस सु. २·२२ नॅनोसेकंद असतो. सर्वांत जास्त विलंबाच्या मार्गावरील संकेत वेळेत पोहोचला नाही, तर रजिस्टरात चुकीचे मूल्य नोंदले जाते. म्हणून वारंवारतेची कमाल मर्यादा प्रक्रियकातील सर्वांत मंद मार्गावरून ठरते. विद्युत् दाब वाढविल्यास ट्रँझिस्टर अधिक जलद स्थित्यंतर करतात व ही मर्यादा काहीशी वर सरकते.

या लाभाची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. स्थित्यंतरांमुळे होणारा शक्तिव्यय वारंवारतेच्या आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असतो. वारंवारता दीडपट केली आणि दाब २·० व्होल्टांवरून २·२ व्होल्टांपर्यंत नेला, तर हा व्यय सु. १·८ पट होतो. तापमान वाढले म्हणजे संकेतांचा विलंब सामान्यतः वाढतो. त्यामुळे अधिक क्षमतेचा उष्णता-विसारक व पंखा किंवा जलशीतन यांची गरज भासते. उच्चांक प्रस्थापित करण्याच्या स्पर्धांमध्ये −१९६° से. तापमानास उकळणारा द्रव नायट्रोजनही वापरतात.

प्रतवारी : एकाच सिलिकॉन चकतीवरील सर्व चिप तंतोतंत सारख्या गुणवत्तेच्या नसतात. उत्पादक त्यांची चाचणी घेऊन वेगानुसार प्रतवारी करतो आणि प्रतिकूल तापमान व दाब यांतही काम बिनचूक व्हावे म्हणून काही राखीव अंतर ठेवतो. उत्पादन प्रक्रिया परिपक्व झाली म्हणजे बहुतेक चिप उच्च वेगाच्या कसोटीस उतरतात. परंतु बाजारात मागणी मात्र स्वस्त मालाची अधिक असते. अशा वेळी उच्च वेगास समर्थ असलेल्या चिपांवरही कमी वेगाची खूण केली जाते. स्वस्त प्रक्रियकात दडलेली क्षमता आढळते ती मुख्यतः या कारणाने.

सेलेरॉन ३००ए : याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा प्रक्रियक. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅश स्मृती नव्हती व तो मंद ठरला. २४ ऑगस्ट १९९८ रोजी आलेल्या ३००ए मध्ये १२८ किलोबाइट दुय्यम कॅश चिपवरच होती आणि ती प्रक्रियकाच्या पूर्ण वेगाने चालत असे. त्याच दिवशी जाहीर झालेल्या ४५० मेगॅहर्ट्‌झच्या पेंटियम २ मध्ये कॅश ५१२ किलोबाइट, पण निम्म्या वेगाची होती. घाऊक किंमती अनुक्रमे १४९ व ६६९ डॉलर होत्या.

सेलेरॉनचा ४·५ हा गुणक कायम केलेला असला, तरी ६६ मेगॅहर्ट्‌झची बस १०० मेगॅहर्ट्‌झवर नेताच प्रक्रियक ४५० मेगॅहर्ट्‌झवर चालू लागे. इंटेलच्याच ४४०बीएक्स चिपसंचावर आधारलेल्या मदरबोर्डांत १०० मेगॅहर्ट्‌झची सोय अधिकृतपणे होती. काही मदरबोर्डांवर ती सूचना-पटलावरून निवडता येई. इतरत्र प्रक्रियकाच्या बी२१ या संपर्क-पट्टीवर चिकटपट्टी लावून तोच परिणाम साधत. पुष्कळसे नग या वेगास स्थिरपणे चालत. काहींना दाब वाढवावा लागे, तर काही अपयशी ठरत.

बसची वारंवारता बदलली म्हणजे तिच्यावर अवलंबून असणारे इतर मार्गही बदलतात. पीसीआय मार्गाची विहित वारंवारता ३३ मेगॅहर्ट्‌झ असते. १०० मेगॅहर्ट्‌झला ३ ने भागून ती नेमकी मिळे. परंतु बस ८३ मेगॅहर्ट्‌झवर ठेवल्यास भाजक २ च राहून पीसीआय मार्ग सु. ४१·५ मेगॅहर्ट्‌झवर चाले आणि तबकडीवरील माहिती बिघडण्याचा संभव असे. म्हणजेच येथे अधिक मोठी वाढ ही मधल्या वाढीपेक्षा सुरक्षित होती.

चाचणी व धोके : संगणक सुरू झाला, एवढ्यावरून तो विश्वसनीय ठरत नाही. मेर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी तयार झालेल्या प्राइम९५ या कार्यक्रमातील कसोटी यासाठी लोकप्रिय झाली. कारण तीत दीर्घ काळ गणिते करून ज्ञात उत्तरांशी ताडली जातात. वारंवारता थोडीथोडी वाढवून प्रत्येक टप्प्यास तापमान व बिनचूकपणा तपासणे, ही रूढ पद्धत आहे.

संगणक अचानक बंद पडणे हा दोष निदान लगेच ध्यानात येतो. क्वचित घडणारी मूक चूक अधिक घातक असते. कारण बिघडलेला हिशेब वा फाइल पुढे बराच काळ खरीच मानली जाते. म्हणून हिशेब, संशोधन वा वैद्यकीय उपयोग यांसाठीच्या संगणकांत ओव्हरक्लॉकिंग इष्ट नाही. उच्च दाब व तापमान यांमुळे विद्युत् प्रवाहाबरोबर तारांमधील धातूचे अणू सरकण्याची क्रिया वेगावते व प्रक्रियकाचे आयुष्य घटते. निर्मात्याची हमीही बहुधा संपुष्टात येते. १९९०–२००० या दशकात काही विक्रेत्यांनी कमी वेगाच्या प्रक्रियकांवर अधिक वेगाची खूण छापून ग्राहकांना फसविले. गुणक कायम करण्यामागे या लबाडीस आळा घालण्याचाही हेतू होता. स्वतःच्या संगणकावर जाणूनबुजून केलेला प्रयोग आणि हा अपहार यांत तंत्र एकच असले, तरी दुसऱ्यात धोका अजाण ग्राहकाच्या माथी मारला जातो.

नंतरची वाटचाल : २००० च्या सुमारास एएमडी कंपनीच्या काही प्रक्रियकांवरील तुटक जोड पेन्सिलीतील ग्रॅफाइटाने जोडून गुणक मोकळा करीत. २०११ पासून इंटेलच्या सामान्य प्रक्रियकांत मूळ स्पंद इतर मार्गांशी घट्ट निगडित झाला आणि ही सोय मुख्यतः मोकळ्या गुणकाच्या महाग प्रकारांपुरती उरली. पेंटियम नावास २० वर्षे झाल्यानिमित्त २०१४ मध्ये आलेला ३·२ गिगॅहर्ट्‌झचा जी३२५८ हा स्वस्त प्रक्रियक त्यास अपवाद होता. एएमडीने २०१७ मध्ये आणलेल्या मेजावरील रायझेन प्रक्रियकांत मोकळा गुणक स्वस्त प्रकारांनाही दिला. दरम्यान तापमान व शक्तिव्यय पाहून आपली वारंवारता आपणच वाढविणारे प्रक्रियक रूढ झाले. राखीव अंतराचा बराचसा भाग ते स्वतःच वापरीत असल्याने वापरणाऱ्याच्या हाती उरणारा लाभ पूर्वीच्या मानाने बराच कमी झाला आहे.