भागिले किती?

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात बाळं होती. ‘चोवीस तासांत चोवीस’ हा आकडा देशभर गाजला आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणे, हे हत्याकांड आहे. दुसरा म्हणे, एवढ्या मोठ्या रुग्णालयात रोज माणसं जातातच. हिशेब दोघांचाही अर्धाच. चोवीसला भागायचं कितीने, एरवी दिवसाला किती मृत्यू होतात, आलेले रुग्ण कोणत्या अवस्थेत होते, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि ‘सरासरी साधारण एवढीच’ असं उत्तर मिळालं, तरी सुटका होत नाही. मंजूर खाटा ५०० आणि दाखल रुग्ण त्याहून कितीतरी जास्त, असं असेल तर ती सरासरीच आजारी म्हणायची.

आकड्याला असे प्रश्न विचारायची सवय घेऊन आता धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला जाऊ. तिथल्या खेड्यांत जानेवारी २००० पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक प्रचंड अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं: काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची पॅप तपासणी, काहींत सौम्य अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. उरलेल्या गटांचा मिळून तुलनागट, त्याला नेहमीची आरोग्यसेवा, वेगळी तपासणी नाही. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला.

या अभ्यासाबद्दल जे बोललं जातं त्यात खरं-खोटं इतकं कालवलेलं असतं की वेगळं करायला वेळ लागतो.

‘परदेशी पैशावर आमच्या बायकांना इंजेक्शनं टोचली’ हे तर साफ चूक. या अभ्यासात लसच नव्हती. एचपीव्ही लसीचं प्रकरण २००९-१० मधलं, खम्मम आणि वडोदरा इथलं. तिथे सात मुलींचे मृत्यू झाले. लसीमुळे ते झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच मुलींच्या वतीने संमतीवर सह्या केल्याचं उघड झालं. दोन प्रकरणं, दोन वेगळे दोष.

दुसरा समज जास्त रुजलेला आहे: संशोधनात खोट म्हणजे आकडे बनावट. धाराशिवचे आकडे बनावट असल्याचं टीकाकारही म्हणत नाहीत. उलट एक गोष्ट त्यांनी चोख केली. एचपीव्ही तपासणीच्या गावांतल्या ज्या बायका तपासणीला आल्याच नाहीत, त्यांनाही त्याच गटात मोजलं. त्यांना गाळलं असतं तर निकाल जास्त चमकला असता. अशी गाळणी हा संशोधनातल्या लबाडीचा सगळ्यात सभ्य दिसणारा प्रकार. एकही आकडा खोटा न लिहिता ती करता येते.

आता मुख्य आकडे. तुलनागटात ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही गटात ३४,१२६ पैकी ३४. ‘मृत्यू निम्म्यावर आले’ हे वाक्य खरं. ‘आठ वर्षांत हजारात दोनऐवजी एक मृत्यू’ हेही तितकंच खरं. पहिलं वाक्य यंत्र विकणाऱ्याला आवडतं, दुसरं खर्च टाळणाऱ्याला. वाचकाने दोन्ही मागून घ्यावीत.

डोळ्यांनी पाहण्याच्या गटात मृत्यू ५६, पॅपच्या गटात ५४. या घटीला संख्याशास्त्राने ‘लक्षणीय’ ठरवलं नाही. त्यावरून ‘या तपासण्यांचा उपयोग नाही’ असं म्हणणं ही सुशिक्षितांची लाडकी चूक. ‘लक्षणीय नाही’ याचा अर्थ इतकाच, की दिसलेला फरक योगायोगाचाही असू शकतो. फरक नाहीच, असं त्यातून सिद्ध होत नाही. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात हीच डोळ्यांनी पाहण्याची पद्धत आरोग्यसेविकांनी वापरली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आणि मग तो २५४ चा आकडा. मुंबई, धाराशिव आणि तमिळनाडूतलं दिंडिगुल या तीन अभ्यासांच्या तुलनागटांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया होत्या. त्यांतल्या २५४ या कर्करोगाने गेल्या. ‘तपासणी नाकारून २५४ जणींना मारलं’ असं त्याचं रूप झालं. पण तपासलेल्या गटांतही मृत्यू झालेच. धाराशिवपुरतं पाहिलं, तर तुलनागटाला एचपीव्ही तपासणी मिळती तर ६४ च्या जागी अंदाजे ३१ मृत्यू झाले असते. म्हणजे तेहतीस जणींचा प्रश्न. तेहतीस हा छोटा आकडा आहे असं मला सुचवायचं नाही. आरोपाचा आकडाही औषधाच्या आकड्याइतकाच तपासून घ्यावा, एवढंच.

कारण आरोप मुळात पोकळ नव्हता. एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टचं म्हणणं असं, की पॅप तपासणीने जीव वाचतात हे कित्येक दशकं माहीत होतं. मग न तपासलेला गट ठेवलाच का? संशोधकांचं उत्तर, भारतात सार्वत्रिक तपासणी नव्हतीच, त्यामुळे कोणाकडून काही काढून घेतलं नाही. मला हे उत्तर अर्धंच पटतं. सरकार देत नव्हतं हे खरं. पण तुलनागटातल्या बाईला दुसरीकडे तपासून घेता येतं, हे तिला नीट सांगितलं का? मुंबईच्या अभ्यासात अमेरिकी सरकारचा पैसा होता, म्हणून अमेरिकेतल्या देखरेख कार्यालयाने चौकशी केली. संमती घेताना उपलब्ध पर्यायांची पुरेशी माहिती दिली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. अंगठा होता, कागद होता, फाइल पूर्ण होती.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या: तिशीनंतरच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी, त्याच डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने तपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या देशभरात १.९ टक्के. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्के तेव्हाही तुलनागटातच होत्या.