सहलीच्या बॅगेत एक चमचा

मागच्या उन्हाळ्यात कॅम्पिंगला गेलो असताना रात्री आमच्या चार वर्षांच्या लेकीला जुलाब सुरू झाले. औषधाचं दुकान तासाभरावर. मीठ, साखर, उकळून गार केलेलं पाणी, सगळं जवळ होतं. नव्हता तो ५ मिलीचा मापाचा चमचा. शेवटी शेजारच्या तंबूतून मिळाला.

अंदाजाने का नाही घालायचं? आपल्या लहान आतड्यात एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्यामागे पाणी शोषलं जातं. बहुतेक जुलाबांतही हे काम चालू राहतं. पण साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं, आणि लहान मुलांना ते धोक्याचं.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं असंच पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले.

प्रमाण लक्षात ठेवा: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोटाघोटाने पाजा. तयार ओआरएसची पुडी असेल तर तीच वापरा. शौचात रक्त दिसलं, लघवी थांबली किंवा मूल मलूल झालं, तर थेट डॉक्टरांकडे जा.

आमचा चमचा आता पासपोर्टच्याच कप्प्यात असतो.