शुद्धीवर असलेला लेही

'ट्रेलर पार्क बॉइज' या कॅनेडियन मालिकेचं वेड मला फार जुनं. नोव्हा स्कोशियातली सनीवेल वसाहत, रिकी-ज्युलियन-बबल्सचे गांजाचे धंदे, मागे फिरणारा कॅमेरा आणि तुरुंगाच्या वाऱ्या हे सगळं पुन्हा सांगत नाही. २००१ ते २००७ चे सात सीझन आणि २००६ चा पहिला सिनेमाही सोडून देऊ. बोलायचंय ते मालिकेचा कर्ता माइक क्लॅटनबर्ग याच्याच २००९ सालच्या 'काउंटडाउन टू लिकर डे'बद्दल.

कथा नेहमीची. तिघं तुरुंगातून सुटतात, सरळ जगायचं ठरवतात आणि दरोड्यापर्यंत पोचतात. रिकीला बारावी पास व्हायचंय, ज्युलियनला गाड्यांचं वर्कशॉप चालवायचंय. दरोड्याचा भाग मला फारसा पटत नाही. सिनेमा मोठा दिसावा म्हणून तो घातलाय असं वाटत राहतं.

खरा सिनेमा जिम लेहीचा. एकेकाळचा पोलीस, मालिकेत वसाहतीचा सुपरवायझर आणि अट्टल दारुडा असलेल्या या माणसानं इथे दारू सोडलीय. शेजारी नवी, चकाचक वसाहत उभी केलीय. तिची सांडपाण्याची पाइप न्यायला त्याला ज्युलियनची जागा हवीय आणि ज्युलियन सही देत नाही. दारूत असताना गावावर येणाऱ्या संकटांचं हवामान विष्ठेच्या भाषेत वर्तवणारा लेही आता कागद, नकाशे आणि नियम दाखवतो. मला तो इथेच सगळ्यात भीतिदायक वाटतो. पोरांची चोरी फुटकळ. याचं काम मात्र कायद्याच्या चौकटीत बसणारं आणि शेजाऱ्याला मुळापासून उठवणारं. क्राइम कॉमेडीत गुन्हा नेमका कुणाचा, हा प्रश्न क्लॅटनबर्ग एका गटाराच्या पाइपवरून विचारतो.

ही भूमिका करणाऱ्या जॉन डन्सवर्थबद्दल वाचू लागलो आणि बाकीचे नट मागे पडले. जन्म १९४६ चा, नोव्हा स्कोशियातल्याच ब्रिजवॉटरचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हॅलिफॅक्समध्ये पियर वन हे प्रायोगिक थिएटर उभं करणाऱ्यांत ते होते. पुढे त्यांनी कास्टिंग एजन्सी चालवली, न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रांतिक निवडणूकही लढवून पाहिली. आणि पडद्यावर सतत झिंगलेला हा गृहस्थ प्रत्यक्षात क्वचितच पिणारा! म्हणूनच असेल, त्यांची नशा आचरट होत नाही. ते अडखळतात त्यापेक्षा सावरतात जास्त. तोल राखू पाहणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा त्यांच्या प्रत्येक पावलात दिसते.

त्यामुळेच सिनेमात लेही पुन्हा बाटलीला हात लावतो तेव्हा आपली पंचाईत होते. तो प्यायला की सनीवेल वाचणार, हे कळत असतं, हसूही येतं. पण शेजारी त्याचा साथीदार, पॅट्रिक रोचचा उघडाबंब रँडी हताश उभा असतो आणि त्याच्याकडे बघवत नाही. इथे मॉक्युमेंटरीचा साचा कामी येतो. कुणालाही न अडवणारा तो कॅमेरा म्हणजे आपणच.

डन्सवर्थ ऑक्टोबर २०१७ मध्ये गेले. नेटफ्लिक्सवर पुन्हा सुरू झालेल्या मालिकेचा बारावा सीझन त्यांनी आधीच चित्रित केला होता. तो २०१८ मध्ये आला. पुढच्या वर्षी मालिकेनं कार्टूनचं रूप घेतलं. धंदा म्हणून त्यात वावगं काही नाही. पण चोर कार्टूनमध्ये चालतात. झिंगून चालतानाही अब्रू सांभाळणारा माणूस रेघांनी काढता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.