रांगेतून पुढे आलेली जयश्री

रत्नागिरीहून कोकण रेल्वेनं दक्षिणेला निघालं की गोवा मागे पडल्यावर काळी नदी लागते. नदीच्या अलीकडच्या काठाला सदाशिवगड. तिथल्याच कणसगिरीत, कोकणी बोलणाऱ्या घरात, १९४२ साली जयश्री गडकर जन्मल्या. आपल्याकडे कोकणात नमनाच्या खेळात गवळणी म्हणून पुरुषच साडी नेसून उभे राहायचे आणि लावणी तर घाटावरची. तरीही मराठी पडद्यावरच्या लावणीला चेहरा मिळाला तो या किनाऱ्यावरच्या मुलीचा.

१९३३ सालच्या ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ या हॉलिवूडच्या संगीतपटात नायिकेचा घोटा मोडतो, समूहात नाचणाऱ्या नवख्या मुलीला ऐनवेळी तिच्या जागी उभं करतात आणि एका रात्रीत ती तारका होते. जयश्रीबाईही समूहातूनच आल्या, पण पायरी पायरीनं.

१९५५ साली व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ आला. पुढे संध्या आणि गोपीकृष्ण, मागच्या समूहात तेरा वर्षांची जयश्री. समूहात नाचणं सोपं नसतं. आपला हात शेजारणीच्या हातापेक्षा बोटभरही वर जाऊ द्यायचा नाही, समेवर सगळ्यांचे पाय एकदम पडायला हवेत आणि इतकं करून प्रेक्षकाची नजर नायिकेवरच राहायला हवी. ही शिस्त पुढे त्यांना जन्मभर पुरली.

दिनकर द. पाटील यांच्या ‘दिसतं तसं नसतं’मध्ये त्यांना नाचाची छोटी भूमिका मिळाली. ‘गाठ पडली ठका ठका’नं त्यांना नायिका केलं. मग १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. एकाच चित्रपटात हंसा वाडकर आणि जयश्री गडकर! वसंत पवारांचं संगीत, आशा भोसलेंचा आवाज आणि जयश्रीबाईंची अदा यांनी बुगडीची लावणी घरोघरी पोचवली. पुण्याच्या विजयानंदमध्ये हा चित्रपट सुमारे अडीच वर्षं चालला.

त्या यशानंतर नुसत्या लावणीवर त्यांचं सहज भागलं असतं. पण ‘मानिनी’, ‘वैजयंता’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘सवाल माझा ऐका’ असं करत १९६५ साली भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मध्ये त्या लोहाराच्या घरची बाई झाल्या. तिथे पायात चाळ नव्हते, तरी नजर त्यांच्यावरून हलत नाही. पुढे दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये त्या कौसल्या झाल्या आणि त्यांचे पती बाळ धुरी दशरथ. २९ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत त्या गेल्या.

‘झनक झनक’ आता पुन्हा पाहताना माझी नजर नायिकेच्या मागच्या मुलींकडे जाते. त्यांतल्या बहुतेकींची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. पण समेवर त्यांचे पाय जयश्रीच्या पायांबरोबरच पडले होते. जयश्रीबाईंची आठवण काढताना त्या सगळ्यांची आठवण निघायला हवी, असं मला मनापासून वाटतं.