लिचाकिवचे दोन सिंह

पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव शहरात लिचाकिव ही १७८६ सालची दफनभूमी आहे. जुन्या झाडांची टेकडी, संगमरवरी पुतळे, आत जायला तिकीट. युक्रेनी कवी इव्हान फ्रान्को इथेच आहेत आणि पोलिश कवयित्री मारिया कोनोप्नित्स्काही. मृत्यूनंतर का होईना, दोन्ही भाषा इथे शेजारी नांदतात. भांडण होतं ते पूर्वेकडच्या उतारावरच्या पांढऱ्या क्रुसांचं. पोलिश लोक त्या भागाला ‘गरुडपिल्लांची दफनभूमी’ म्हणतात.

१९१८ च्या शरद ऋतूत ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं. ल्विव शहरात पोलिश बहुसंख्य, भोवतालच्या खेड्यांत युक्रेनी. दोघांनाही हे शहर हवं होतं. १ नोव्हेंबरच्या पहाटे द्मित्रो वितोव्स्कीच्या युक्रेनी सैनिकांनी शहर ताब्यात घेतलं आणि नगरभवनावर निळा-पिवळा झेंडा लावला. पोलिशांकडे सैन्य असं फारसं नव्हतं. शाळा-कॉलेजातली मुलं बंदुका घेऊन रस्त्यावर आली; हीच ती ‘गरुडपिल्लं’. युरेक बित्शान हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा घरी चिठ्ठी ठेवून निघून गेला आणि २१ नोव्हेंबरला याच लिचाकिवमध्ये, कबरींच्या आडोशाने चाललेल्या चकमकीत मारला गेला. त्याची आई अलेक्सांद्रा झागुर्स्का तेव्हा त्याच शहरात लढत होती. दुसऱ्या दिवशी युक्रेनी फौज शहराबाहेर पडली.

पुढचं पान पोलिश शौर्यकथांत बहुतेक वेळा गाळलं जातं. तटस्थ राहिलेल्या ज्यूंच्या वस्तीवर विजेत्यांनी हल्ला केला. लुटालूट, जाळपोळ आणि खून दोन-तीन दिवस चालले. युद्ध १९१९ च्या जुलैपर्यंत रेंगाळलं आणि ल्विवसह पूर्व गॅलिशिया पोलंडकडे गेला.

गरुडपिल्लांच्या कबरींजवळच्या स्मारकाचा आराखडा रुडॉल्फ इंड्रुख या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचा. तो स्वतः या लढाईत होता. कमान, स्तंभ, पायऱ्या आणि ढाली धरलेले दोन दगडी सिंह. पोलंडच्या मदतीला आलेले फ्रेंच पायदळ आणि अमेरिकन वैमानिक यांचीही स्मारकं इथे झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर सोव्हिएत युक्रेनमध्ये गेलं, पोलिश रहिवासी पश्चिमेला हलवले गेले आणि १९७१ मध्ये सोव्हिएत यंत्रणेने या जागेवर बुलडोझर फिरवले. सिंह उचलून दुसरीकडे नेण्यात आले.

१९८९ पासून पोलिश कामगारांनी इथला मलबा उपसायला घेतला. शिलालेखावर काय कोरायचं यावरून ल्विव महापालिका आणि वॉर्सा यांच्यात वर्षानुवर्षं घासाघीस झाली. युक्रेनमधल्या लोकशाहीवादी ‘ऑरेंज क्रांती’च्या वेळी पोलंड युक्रेनच्या पाठीशी उभा राहिला, तेव्हा वातावरण निवळलं. २४ जून २००५ रोजी पोलंडचे राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की आणि युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष युश्चेन्को यांनी एकत्र उद्घाटन केलं. लगतच युक्रेनी गॅलिशियन सैन्याचं स्मारकही उभं राहिलं. सिंहांचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिला. २०१५ मध्ये ते परत आले, पण वाद नको म्हणून त्यांच्याभोवती फळ्या ठोकण्यात आल्या. त्या निघाल्या २०२२ च्या मे महिन्यात, रशियाचं आक्रमण सुरू असताना आणि लाखो युक्रेनी निर्वासित पोलंडमध्ये आसरा घेत असताना. इतक्या वर्षांच्या चर्चांना जे जमलं नाही, ते समान शत्रूने करून दाखवलं, असंच म्हणावं लागेल.

पण एका दफनभूमीतली समजूत म्हणजे सगळा हिशेब मिटला असं नाही. १९४३ मध्ये व्होलिनिया प्रांतात युक्रेनी बंडखोर सेनेने पोलिश गावंच्या गावं कापून काढली. पोलिश तुकड्यांनी सूड म्हणून युक्रेनी गावं जाळली. १९४७ च्या ‘व्हिस्ला मोहिमे’त पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने सुमारे १,४०,००० युक्रेनींना घरादारातून उठवून देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. पोलिश संसदेने २०१६ मध्ये व्होलिनियाच्या कत्तलीला वंशसंहार ठरवलं, युक्रेनला ते मान्य नाही.

१ नोव्हेंबर हा पोलिश कॅथलिकांचा मृतांसाठी मेणबत्त्या लावण्याचा दिवस आणि युक्रेनींच्या लेखी १९१८ च्या उठावाचा वर्धापनदिन. त्या तारखेला या उतारावर दोघांचीही वर्दळ असते. ल्विवला जाल तेव्हा फक्त गरुडपिल्लांचे क्रूस पाहून मागे फिरू नका. शेजारच्या युक्रेनी कबरीही पाहा, आणि दफनभूमीला लागून असलेलं ‘मार्सचं मैदान’ तर चुकवूच नका: तिथे २०२२ पासून पडलेल्या युक्रेनी सैनिकांच्या कबरी आहेत.