विश्लेषण : बिझनेस जेटचे ‘उड्डाण गणित’ करणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे? जुन्नरच्या डोंगरावरील अपघात काय सांगतो?

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. बँकॉकहून मुंबईकडे निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे प्रवासी विमान जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळले. विमानातील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. मुंबई विमानतळ तिथून ८० किलोमीटरहून अधिक दूर होता. चौकशीचा निष्कर्ष असा होता, की विमान मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा जवळ आले आहे असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने वेळेआधीच उंची कमी केली. अहवालात ज्या ‘दवंड्याची’ टेकडीचा उल्लेख आहे, तिथे सुमारे ३,६०० फुटांवर विमान धडकले.

ही चूक दिशादर्शनाची होती. पण चुकीच्या माहितीवर ठाम विश्वास ठेवून घेतलेला निर्णय, हे तिचे मूळ आजही बदललेले नाही. आता कॉकपिटमध्ये टॅब असतो. धावपट्टी पुरेल का, एक इंजिन बंद पडले तर डोंगर पार होईल का, याचे उत्तर तो काही सेकंदांत देतो. हे उत्तर देणारे सॉफ्टवेअर कसे निवडायचे आणि त्यावर किती विसंबायचे, हा प्रश्न छोट्या खासगी जेटसाठी विशेष महत्त्वाचा आहे. तो समजून घेऊ.

हे सॉफ्टवेअर नेमके काय मोजते?

प्रत्येक विमानासोबत उत्पादकाने तयार केलेले आणि नियामकाने मान्य केलेले फ्लाइट मॅन्युअल असते. किती वजनाला, किती तापमानात, किती उंचीवरच्या धावपट्टीवर किती अंतर लागेल, याचे तक्ते आणि आलेख त्यात असतात. पूर्वी वैमानिक पट्टी-पेन्सिल घेऊन ते वाचत. आता हेच काम सॉफ्टवेअर करते.

वैमानिक विमानाचे वजन, तापमान, वारा, हवेचा दाब, धावपट्टीची स्थिती आणि फ्लॅप किती ठेवणार ही माहिती भरतो. त्यावरून कमाल किती वजन घेऊन उडता येईल आणि महत्त्वाचे वेग कोणते, हे कळते. यातला ‘व्ही-वन’ हा निर्णयाचा वेग. उड्डाण रद्द करायचे तर ब्रेक लावण्याची कृती हा वेग गाठेपर्यंत सुरू झालेली असावी लागते. त्यानंतर इंजिन बंद पडले तरी उडायचेच असते. हा आकडा चुकला, तर थांबायला धावपट्टी उरत नाही किंवा उडायला वेग पुरत नाही.

उतरण्याचे गणितही तसेच. व्यावसायिक जेटसाठी सर्वसाधारण नियम असा, की कोरड्या धावपट्टीच्या उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत विमान थांबू शकले पाहिजे. म्हणजे मॅन्युअलमध्ये १,००० मीटर लिहिले असेल, तर सुमारे १,६६७ मीटर धावपट्टी हवी. ती ओली असेल तर आणखी १५ टक्के, म्हणजे सुमारे १,९१७ मीटर. पावसाळ्यात छोट्या धावपट्टीवर उतरायचे असेल, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो.

पुण्यातून उडताना ऊन आणि डोंगराचा काय संबंध?

पुणे विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला, की हवा विरळ होते आणि विमानाला ती सुमारे ५,४०० फुटांवरच्या हवेसारखी भासते. इंजिनाची ताकद घटते, त्याच वजनाला धावपट्टी जास्त लागते आणि चढण्याचा वेग मंदावतो.

आता डोंगराचे गणित. दोन इंजिनांच्या जेटचे एक इंजिन टेकऑफच्या वेळी बंद पडले, तरी चाके आत घेतल्यानंतर त्याने किमान २.४ टक्के चढाने वर जायला हवे, असा निकष आहे. अडथळे तपासताना त्यातून ०.८ टक्के सुरक्षिततेसाठी वजा करतात. उरतो १.६ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १.६ मीटर वर.

जुन्नरच्या उत्तर सीमेवरील हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर उंच आहे, तर पुण्याची धावपट्टी सुमारे ५९२ मीटरवर. हा ८३२ मीटरचा फरक १.६ टक्के चढाने भरून काढायला सुमारे ५२ किलोमीटर लागतील. हे साधे त्रैराशिक झाले. प्रत्यक्षात चढ टप्प्याटप्प्याने बदलतो आणि अडथळ्याच्या वर अंतरही राखावे लागते. पण भीमाशंकरपासून जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यापर्यंत पसरलेला सह्याद्री वैमानिकाच्या हिशेबात का असावा लागतो, ते यावरून लक्षात येईल. इंजिन बंद पडल्यावर कोणत्या दिशेला वळायचे, याची वाट आधीच ठरलेली असावी लागते. चांगले सॉफ्टवेअर ही वाटही दाखवते.

बिझनेस जेटसाठी हा प्रश्न अधिक अवघड का?

मोठ्या विमान कंपन्यांकडे हेच काम करणारे अभियंते असतात, उड्डाणांचे नियोजन करणारा कक्ष असतो आणि विमानतळही ठरलेले असतात. दोन-तीन जेट असलेल्या चार्टर कंपनीत बहुतेक हिशेब वैमानिकच करतात. आज दिल्ली, उद्या जिल्ह्याच्या ठिकाणची छोटी धावपट्टी, असा त्यांचा दिनक्रम असतो.

शिवाय विमानाचा मालक किंवा ग्राहक मागच्याच आसनावर बसलेला असतो. ‘अजून एक जण येतोय, दोन बॅगा वाढल्यात’ असे ऐनवेळी सांगितले जाते. अशा वेळी ‘नाही’ म्हणायला वैमानिकाच्या हाती ठोस आकडा हवा.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टेटरबोरो विमानतळावर २ फेब्रुवारी २००५ रोजी चॅलेंजर ६०० जातीचे चार्टर जेट उडूच शकले नाही. धावपट्टी ओलांडून, रस्ता पार करून ते गोदामाला धडकले. कोणाचा जीव गेला नाही, पण अनेक जण जखमी झाले. विमानाचा गुरुत्वमध्य मर्यादेपलीकडे पुढे गेला होता आणि उड्डाणापूर्वी वजनाचा हिशेब नीट झाला नव्हता, असे तपासात निष्पन्न झाले.

सॉफ्टवेअर असूनही चुका कशा होतात?

त्या मुख्यतः दोन प्रकारे होतात. पहिली, चुकीचा आकडा भरला जाणे. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नमध्ये एमिरेट्सच्या विमानाचे वजन ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन असे भरले गेले. एका अंकाने १०० टन गायब झाले. सॉफ्टवेअरने त्या वजनाचे उत्तर अचूक दिले, पण विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली आणि ते कसेबसे हवेत गेले. सुदैवाने सर्व प्रवासी सुखरूप परतले. त्याआधी १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एमके एअरलाइन्सचे मालवाहू ७४७ कोसळून सातही कर्मचारी मरण पावले. लॅपटॉपवरील हिशेबात आधीच्या उड्डाणाचे वजन तसेच राहून गेले असावे, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता.

दुसरी चूक म्हणजे गृहीतके झाकलेली असणे. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फात उतरलेले साउथवेस्टचे विमान धावपट्टीबाहेर जाऊन रस्त्यावरील मोटारीवर आदळले. मोटारीतील सहा वर्षांचा मुलगा दगावला. वैमानिकांनी रिव्हर्स थ्रस्ट वेळेत न वापरणे, हे मुख्य कारण ठरले. मात्र विमानातील संगणक कोणत्या गृहीतकांवर आकडा देत होता, ते वैमानिकांना पडद्यावर दिसत नव्हते, यावरही तपास अहवालाने बोट ठेवले. आकडा दिसत होता, त्यामागच्या अटी दिसत नव्हत्या.

बाजारात कोणते पर्याय आहेत?

ढोबळमानाने दोन. एक, विमान उत्पादकाचे स्वतःचे सॉफ्टवेअर. सेसना सायटेशनसाठी ‘सेसनॅव्ह’ किंवा दसॉ फाल्कनसाठी ‘फाल्कनस्फीअर’ ही त्याची उदाहरणे. माहितीचा स्रोत थेट उत्पादक असतो, ही जमेची बाजू. पण ताफ्यात वेगवेगळ्या कंपन्यांची जेट असतील, तर प्रत्येकासाठी वेगळे अ‍ॅप शिकावे लागते.

दुसरा पर्याय स्वतंत्र कंपन्यांचा. एपीजी, फोरफ्लाइट, अल्ट्रानॅव्ह ही त्यातील परिचित नावे. एकाच पद्धतीच्या पडद्यावर अनेक प्रकारची विमाने हाताळता येतात. मात्र त्यांनी आकडे कुठून घेतले आणि आपले नेमके विमान त्यात आहे का, हे ग्राहकाला तपासावे लागते.

निवडताना काय तपासायचे?

१. आकड्यांचा स्रोत : माहिती मान्यताप्राप्त फ्लाइट मॅन्युअलमधीलच आहे का? एकाच मॉडेलच्या दोन विमानांत इंजिन, विंगलेट किंवा ब्रेक वेगळे असू शकतात. त्यामुळे मॉडेलवर न थांबता विमानाच्या अनुक्रमांकापर्यंत खात्री करावी.

२. धावपट्ट्या आणि अडथळे : उड्डाणविषयक माहिती जगभर २८ दिवसांच्या चक्राने अद्ययावत होते. सॉफ्टवेअर त्याच वेगाने बदलते का? राज्यातील छोट्या धावपट्ट्या त्यात आहेत का? दुरुस्तीमुळे धावपट्टीचा काही भाग बंद असेल, तर कमी लांबी भरता येते का?

३. ओल्या धावपट्टीचे निकष : नोव्हेंबर २०२१ पासून धावपट्टीची स्थिती ० ते ६ अशा जागतिक सांकेतिक श्रेणीत कळवली जाते. ही श्रेणी थेट भरता येते का?

४. चूक पकडण्याची सोय : अशक्य वजन भरले तर इशारा मिळतो का? जुन्या उड्डाणाची माहिती आपोआप पुसली जाते का? गृहीतके उत्तराशेजारीच दिसतात का?

५. नेटवर्क आणि ऊन : इंटरनेट नसताना ते चालते का? आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा, असे अ‍ॅपल सांगते. उन्हात उभ्या कॉकपिटमध्ये तो तापून बंद पडू शकतो. म्हणून दुसरा टॅब आणि कागदी तक्ते हवेतच.

६. मान्यता : असे अ‍ॅप विमान उड्डाणासाठी वापरायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची म्हणजे डीजीसीएची परवानगी, प्रशिक्षण आणि लेखी कार्यपद्धती लागते. अ‍ॅप विकत घेतले की काम झाले, असे नाही.

विकत घेण्यापूर्वीची सर्वांत खात्रीची चाचणी जुनीच आहे. उन्हाळ्यातले पुणे, पावसातली ओली धावपट्टी, पूर्ण भरलेले विमान अशी काही उदाहरणे मॅन्युअलवरून हाताने सोडवायची आणि सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून पाहायची. फरक आला, तर त्याचे कारण विक्रेत्याने सांगायला हवे. रोजच्या वापरातही दोन्ही वैमानिकांनी एकमेकांचे न पाहता स्वतंत्रपणे आकडे भरावेत आणि मगच उत्तरे जुळवावीत. एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची, याला पडताळणी म्हणत नाहीत.

चार्टर विमान घेणाऱ्यांनी काय विचारावे?

आजारी नातेवाइकाला एअर अ‍ॅम्ब्युलन्सने हलवणारे कुटुंब असो किंवा कामासाठी जेट घेणारा उद्योजक, तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. आजच्या तापमानाला आणि वजनाला धावपट्टी पुरते का? हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे केला का? तिथे उतरता आले नाही, तर पर्यायी विमानतळ कोणता? आपल्या आणि सामानाच्या वजनाचा आकडाही खरा सांगावा, कारण गणिताची सुरुवात तिथून होते.

आणि वैमानिक ‘एक जण कमी करा’ किंवा ‘ऊन उतरल्यावर निघू’ म्हणाला, तर वाद घालू नये. १९६२च्या त्या रात्री डोंगर आपल्या जागीच होता, चुकला होता तो विमान कुठे आहे याचा अंदाज. आजचा टॅब हिशेब करून देतो, पण त्यात भरलेली माहिती खरी आहे ना, हे माणसालाच तपासावे लागते.