खाडीकाठचे गाव आणि एक वारसनोंद

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील कोकण शत्रुंजय तीर्थात श्री मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन घेऊन बाहेर पडताना, येथून खाडी किती जवळ आहे, हा विचार सहसा मनात येत नाही. धवल शेठने समुद्रात लोटलेला श्रीपाल राजा नवपदांचे स्मरण करीत ज्या किनाऱ्याला लागला, तो परंपरेने ठाण्याचाच मानला जातो. आयंबिल ओळीत ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. पण त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळी बांधवांची आपली ओळख मात्र बेताचीच असते.

ठाणे स्थानकाला लागूनच चेंदणी कोळीवाडा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली. आज हे गाव लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना विभागलेले दिसते. पूर्वेकडील मीठबंदर हे नाव येथील मिठाच्या व्यापाराची आठवण देते. खाडीच्या वरच्या अंगाचे कल्याण तर त्याहून पुरातन बंदर. तेथील व्यापाऱ्यांच्या दानाचे उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आढळतात.

आपल्या आणि त्यांच्या आहारात मोठे अंतर आहे, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही दुकानदार आणि कोळी यांचे नाते जुने. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की तांदूळ, तेल, चहा उधारीवर जाई. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात उतरत आणि खाती हळूहळू मिटत. कागदावर सही नसे; तरी असे पैसे सहसा बुडत नसत, असे जुने व्यापारी सांगत.

बँकेत मात्र शब्दावर काम चालत नाही. मी ठाण्यातील एका शाखेत कर्ज विभाग पाहत असताना खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातील मावशी घरदुरुस्तीसाठी कर्ज मागण्यास आल्या. पासबुकात वर्षानुवर्षांच्या लहान लहान रकमा जमा, एकही महिना चुकलेला नाही. परंतु मिळकत पत्रिकेवर सासऱ्यांच्या वडिलांचे नाव. वारसनोंद झालेली नाही आणि हिस्सेदार सतरा. नियमाप्रमाणे मी अर्ज नाकारला. त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, घर आमचं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.” नियम चुकीचा नव्हता, असे आजही वाटते. पण वारसनोंद कशी करावी, कोणत्या कार्यालयात जावे, हे समजावून सांगण्यास मला अर्धा तास पुरला असता. तो मी दिला नाही.

२०२२ साली ठाणे खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. ६,५२१ हेक्टरची हद्द निश्चित झाली. रोहित पक्षी पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. आनंदाचीच गोष्ट. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी मात्र वर्षानुवर्षे होतच आहे.

निवृत्तीनंतर एका नारळी पौर्णिमेला बंदरावर गेलो होतो. सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत आला. गर्दीत मावशींच्या मुलाने मला ओळखले. मावशी थकल्या आहेत, घरीच असतात, असे तो म्हणाला. मी वारसनोंदीचे विचारले.

“सोळा सह्या झाल्या, साहेब. सतरावे काका कल्याणला राहतात.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघे कल्याणला जाऊन आलो.